सुटे भाग आणि अखंड वस्तू

जुन्या मोटारगाड्या जपणे हा हौशी आणि सधन मंडळींचा उद्योग. त्यात नीतिविचाराला जागा ती कोठे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु केंद्र सरकारने २०२१ च्या जुलै महिन्यात मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यामुळे हा विषय केवळ हौशीचा राहिलेला नाही. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना या दुरुस्तीने 'विंटेज' अशी स्वतंत्र नोंदणी देऊ केली. २०,००० रुपये शुल्क भरले आणि तपासणी समितीचे समाधान झाले, की राज्याच्या अक्षरांपाठोपाठ 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक दहा वर्षांसाठी मिळतो. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. हे सारे समजण्यासारखे आहे. अडचण एका अटीत आहे. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. तिचा सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा, असे नियम म्हणतो.

'मूळ स्वरूप' हे दोन शब्द लिहिणाऱ्याने सहज लिहिले असतील. नियमांतील शब्द प्रत्यक्षातल्या माणसांना आणि वस्तूंना लावून पाहण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्याला मात्र असे शब्द दिसले की सावध व्हावेसे वाटते. ग्रीकांना आणि बौद्ध भिक्षूंना ज्या प्रश्नाने शतकानुशतके पुरून उरावे, तो प्रश्न राजपत्राने एका उपनियमात मिटवून टाकला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इंजिन ही वस्तूच मुळी झिजण्यासाठी जन्माला येते. पिस्टन मिनिटाला दोन-तीन हजार वेळा वरखाली होतो, आणि जोडदांडीच्या तिरप्या रेट्यामुळे सिलिंडरच्या एका अंगावर अधिक रेलतो. त्यामुळे गोल असलेले छिद्र हळूहळू लंबगोल होते. वरच्या बाजूला, जेथे उष्णता जास्त आणि तेल कमी, तेथे झीज सर्वांत अधिक. मग रिंगांच्या फटीतून तेल वर चढते, मागच्या नळीतून निळसर धूर येऊ लागतो, चढावर गाडी दमते. मिस्त्री इंजिन उतरवतो, सिलिंडर बोअर करून पुन्हा गोल करतो आणि त्यात किंचित मोठ्या मापाचे पिस्टन बसवतो. असे दोन-तीन वेळा झाले की सिलिंडरची भिंत पातळ होते. तेव्हा आत नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा पहिल्या मापावर येतात. क्रँक घासून बारीक करायची, तिला जाड बेअरिंगे घालायची. व्हॉल्व्ह, त्यांचे गाइड, चेन, पंप हे तर वेळोवेळी बदलायचेच. पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही गाडीच्या इंजिनात कारखान्यातून निघालेला असा ओतीव ब्लॉक उरतो, फार तर क्रँक. म्हणजे 'मूळ' या शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला, तर जी गाडी चाललीच नाही, गोदामात कुलूपबंद राहिली, तीच पात्र ठरते. जिने इमानाने काम केले ती अपात्र. नियम करणाऱ्यांच्या मनात असे नसणार हे उघड आहे. त्यांनी 'भरीव' हे विशेषण घातले आहे ते त्यासाठीच. पण भरीव म्हणजे किती, हे ठरवणारी मोजपट्टी कोणत्याही समितीजवळ नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका परिचित घरातील फियाटच्या निमित्ताने. आपल्या गावात तीन-चार पिढ्यांपूर्वी येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांपैकीच ते एक घर. गाडी १९५६ ची, फियाट ११००. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून जी गाडी बांधली, ती ही. स्वतः वालचंद १९५३ मध्ये निवर्तले होते. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गिअरची दांडी स्टिअरिंगलगत असलेली ही गाडी मुंबई-पुण्याकडे 'डुक्कर फियाट' या नावाने लाडकी झाली. तिचा तो फुगीर पुढचा भाग पाहिला की नाव ठेवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ६८ आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हीच मापे पुढे त्याच घराण्यातल्या प्रीमियर पद्मिनीपर्यंत टिकली. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले आणि मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात सेवेतून गेली. त्यामुळे आज पद्मिनीचे सुटे भाग भंगारात मिळतात; १९५६ च्या गाडीचे मिळत नाहीत.

या घरच्या गाडीचा ब्लॉक पाण्याच्या जाळीपाशी तडकला होता. सिलिंडर तर पूर्वीच दोनदा बोअर झालेले. मिस्त्री जाणकार माणूस. आपल्या गावात यंत्रमागांमुळे लेथवर काम करणारे हात पुष्कळ. मागाचे झिजलेले दांडे आणि चक्रे तयार करता करता त्यांतले काही जण मोटारींचे बुश आणि गाइडही कातून देतात. त्याने ब्लॉक पाहिला, तडा सांधता येईल पण भरवसा देता येणार नाही म्हणाला, आणि पद्मिनीचा एक चांगला ब्लॉक मिळवून दिला. येथवर सारे ठीक होते. मग त्याने सहज विचारले, "जुना नंबर ह्याच्यावर ठोकून देऊ? कोणाला कळणार नाही."

घरमालक माझ्याकडे आले ते एवढ्याच प्रश्नासाठी. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. कारखाना तोच, माप तेच, धातूही तोच. पिस्टन बदलले तेव्हा कोणी विचारले नाही, क्रँक घासली तेव्हा कोणी विचारले नाही. मग ब्लॉकनेच काय पाप केले? नंबर म्हणजे काही आकडे. ते आकडे जुन्या ब्लॉकवर होते म्हणून जुना ब्लॉक 'आमच्या आजोबांच्या गाडीचा'. ते नव्यावर घातले की हाही त्याच गाडीचा. आणि खरा नंबर कागदावर चढवला, तर उद्या समिती म्हणेल इंजिन बदललेले आहे, अर्ज नामंजूर. विकायची वेळ आली तर किंमत निम्मी. खरे बोलण्याचा हा दंड आम्ही का भरावा?

या युक्तिवादाचा पहिला भाग मला पटतो, दुसरा पटत नाही. आणि हे दोन भाग वेगळे आहेत हेच येथे सांगायचे आहे.

भाग बदलले तरी वस्तू तीच राहते काय, याचा विचार आपल्याकडे मिलिंदपञ्हात झाला आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद रथातून आलेला असतो. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. आणि सारे एकत्र केल्यावरही 'रथ' नावाची वेगळी वस्तू सापडत नाही, ते केवळ व्यवहाराचे नाव आहे, असे ठरते. ग्रीकांकडे प्लूटार्कने थीसियसच्या नौकेची गोष्ट सांगितली. अथेन्सवासीयांनी तिची कुजलेली फळी काढून नवी घातली, असे करता करता मूळचे लाकूड किती उरले यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडले. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वचिंतक हॉब्जने तिला खोडकर जोड दिली. समजा काढलेल्या साऱ्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांची पुन्हा नौका बांधली, तर थीसियसची नौका कोणती? मोटारींच्या दुनियेत हा प्रश्न पुस्तकी नाही. एकाच सांगाडा-क्रमांकावर दोन गाड्यांनी हक्क सांगितल्याचे प्रकार घडतात. एकीकडे मूळ सांगाडा, दुसरीकडे मूळ इंजिन, आणि दोन्ही मालक प्रामाणिकपणे आपलीच खरी म्हणतात.

याच प्रश्नावर एका न्यायालयाला निकाल द्यावा लागला, तो प्रसंग मला सर्व तात्त्विक चर्चेहून बोधप्रद वाटतो. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली गाडी १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालकांपैकी एक वूल्फ बार्नाटो होता. पुढे तिच्यात मोठे इंजिन बसवले गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन क्लाइव्ह डन्फी हा चालक मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली, तिच्यावर वेगळेच बंदिस्त बाह्यांग चढले. १९९० मध्ये ती विकण्याचा सौदा १ कोटी पौंडांना ठरला, आणि खरेदीदाराने माघार घेतली. म्हणाला, शर्यत जिंकलेली ती गाडी ही नव्हेच. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेले. १९२९ च्या त्या दिवशीचे भाग तिच्यात फार थोडे उरले आहेत हे त्यांनी मान्य केले. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. कारण या गाडीच्या आयुष्यात असा एकही क्षण नव्हता, की जेथे जुनी गाडी संपली आणि नवी सुरू झाली. बदल टप्प्याटप्प्याने झाले, प्रत्येक टप्प्यावर ती हीच गाडी म्हणून ओळखली जात होती, आणि झालेले बदल लपलेले नव्हते.

माझ्या मते या निकालातील शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे, जरी कायद्याच्या दृष्टीने अखंडता महत्त्वाची ठरली असली तरी. मी आयुष्यभर जमिनीची दफ्तरे हाताळली. एक शेत घ्या. त्याचा मालक बदलतो, वाटण्या होतात, विहीर बुजते, आंब्याची झाडे जातात, केळीच्या बागा येतात. आपल्या भागात तर राज्येच बदलली: मध्यप्रांत व वऱ्हाड होता, १९५० मध्ये त्याचा मध्यप्रदेश झाला, १९५६ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन वऱ्हाड-नागपूर निघून गेले, आणि २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला. नव्या बंदोबस्तात खसरा क्रमांकही बदलतो. तरी शेत तेच आहे असे आम्ही छातीठोकपणे सांगतो, ते कशाच्या बळावर? मातीच्या नव्हे, माती तर दर पावसाळ्यात तापीत वाहून जाते. प्रत्येक बदलाची नोंद आहे, जुना आणि नवा क्रमांक जुळवणारा तक्ता आहे, याच बळावर. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात आणि आपल्याकडे नामांतरण, त्या नोंदवहीत 'बदल झाला' असे लिहिलेले असते, आणि तसे लिहिले जाते म्हणूनच शेताची ओळख टिकते. जेथे कोणी पान फाडले, मागील तारखेने नोंद घातली, तेथे शेत जागच्या जागी असूनही त्याचे काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात.

म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितले, ब्लॉक अवश्य बदला. पण जुना आकडा नव्या ब्लॉकवर ठोकणे म्हणजे नोंदवहीचे पान फाडणे आहे. इंजिन बदलले तर ते नोंदणी पुस्तकात चढवून घ्यावे लागते आणि क्रमांकाशी खेळ करणे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होतेच. कायद्याची भीती घालण्याचे कारण नव्हते. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा होता. पिस्टन बदलताना कोणी कोणाला फसवत नाही, कारण पिस्टन झिजतो आणि बदलतो हे घेणारा जाणतो. ब्लॉकवरचा आकडा मात्र एक विधान करतो: हा तोच. तो तो नसेल, तर तेथे लोखंड खोटे नाही, विधान खोटे आहे. आणि एक खोटे विधान सापडले, की त्या गाडीविषयीची बाकीची खरी विधानेही संशयात जातात. आजोबांनी ती घेतली होती हेही.

केवळ नोंद असली की सारे भागले, असे मात्र म्हणता येत नाही. सगळे नोंदवून सगळेच बदलणारा माणूसही असतो. काही झिजाच स्वतः दस्तऐवज असतात. आपल्या गावातच दोन उदाहरणे आहेत. शाही किल्ल्यातील हमामखान्यात आता कोणी स्नान करीत नाही. त्याच्या छतावरील उरलेसुरले रंगकाम आहे तसे राखायचे, फिके झाले म्हणून नवा रंग भरायचा नाही. उलट १६१५ चे कुंडी भंडारा. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावाकडे आणणारी ही योजना. पाण्यातील चुन्याचे थर भिंतींवर चढतच असतात. ते तसेच राखायचे म्हटले तर भिंत जपली जाईल आणि पाणी आटेल. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ते गेले; आता तेथे काय साफ करायचे आणि काय राखायचे, याचा विचार अधिकच जपून करावा लागेल. हमाम पाहण्याची वस्तू, भंडारा वाहण्याची. मोटार यांपैकी कशात बसते हे प्रत्येक गाडीगणिक ठरवायला हवे. बेंटलीसारखी एकमेव गाडी असेल तर तिचा झिजलेला सिलिंडर न छेडता ठेवण्यात अर्थ आहे. हजारोंनी बनलेली फियाट चालली नाही तर ती फियाट कशाची?

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद झाली, तिने एक शहाणपणाचे सूत्र घातले होते: नव्याने घातलेला भाग एकूण रचनेत शोभावा, पण जाणकाराला मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन येथे स्वीकारलेली सनद याच मार्गाने जाते. आपल्या नियमांत हा विचार आला असता तर बरे झाले असते. 'फेरबदल नसावा' याऐवजी 'झालेला प्रत्येक फेरबदल नोंदलेला असावा' असे म्हटले असते, तर त्या मिस्त्रीने तो प्रश्न विचारलाच नसता. वाईट नियम चांगल्या माणसांना खोटे बोलण्याचे आमिष दाखवतात, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. पण नियम वाईट आहे म्हणून खोटे खरे होत नाही.

एक प्रश्न कोणीच विचारीत नाही, तो असा. यंत्रमागाचेही सारे भाग बदलत असतात. त्याच्या ओळखीविषयी कधी कोणी न्यायालयात गेले नाही. म्हणजे वस्तू तीच आहे काय ही शंका लोखंडातून निघत नाही. जेथे माया गुंतते किंवा पैसा गुंततो तेथेच ती उभी राहते. आपल्या घरांचेच पाहा ना. देवघरातले टाक झिजले म्हणून पिढीगणिक नवे घडवले, बोलण्यात हिंदीचे आणि निमाडीचे कितीक शब्द येऊन बसले, 'पायलीभर' जाऊन 'किलोभर' आले, सुना-जावई वेगळ्या मुलखांतून आले. नागपूर-पुण्याचे नातलग आपली मराठी ऐकून हसतात. तरी आपण तेच घराणे म्हणवतो, आणि माझ्या मते रास्तपणे म्हणवतो, कारण कोणता शब्द कोठून आला हे आपण लपवीत नाही. अर्थात येथे माया आहे, पैसा नाही. म्हणून प्रश्न सोपा आहे.

त्या गृहस्थांनी नव्या ब्लॉकचा त्याचाच क्रमांक नोंदणीवर चढवण्यासाठी कागद दिले आहेत. विंटेजसाठी अर्ज अद्याप केलेला नाही. समिती काय म्हणेल याची धाकधूक आहे, आणि ती अनाठायी नाही. किंमत कमी होईल हेही त्यांनी मनाशी मांडले आहे. मी त्यांना एक वही करायला सांगितली. ब्लॉक कधी तडकला, जुन्या सिलिंडरची शेवटची मापे काय होती, कोणती स्लीव्ह, कोणत्या मापाचे पिस्टन, कोणी बसवले, हे सारे त्यात लिहायचे. मिस्त्रीला प्रथम हे चमत्कारिक वाटले. नंतर त्याने स्वतःच मापे सांगितली आणि खाली सही केली. आपल्या कामावर त्याने बहुधा प्रथमच सही केली असावी.

राहिला तो काढलेला जुना ब्लॉक. हॉब्जची फळी म्हणा हवी तर. तो गोणपाटात गुंडाळून त्यांच्या माळ्याखाली ठेवला आहे. त्याच्यावर १९५६ चा खरा आकडा आहे. भंगारात दिला तर उद्या कोणी तो घेऊन त्याच्याभोवती दुसरी गाडी उभी करील आणि तीच मूळची म्हणून विकील. आकडा कानशीने घासून टाकला, तर या गाडीचा एकमेव अस्सल आकडा आपल्याच हाताने पुसला जातो. घरी ठेवला तर पुढच्या पिढीला त्या लोखंडाचे काय करायचे ते कळणार नाही, आणि जागाही अडते. गृहस्थ मला दोनदा विचारून गेले. वहीत त्याची नोंद करा, एवढेच तूर्त सांगितले आहे.